जनुके तीच, वण वेगवेगळे: एका जळीत प्रकरणाचा अभ्यास

उकळते पाणी अंगावर सांडून भाजलेल्या २२ वर्षांच्या एका तरुणीला दीड वर्षानंतर तपासले, तेव्हा तिच्या अंगावरचा एकही वण दुसऱ्यासारखा नव्हता. उजव्या मांडीवर फिकट डाग, तोही दाखवला तरच दिसणारा. उजव्या हातावर कोपराखाली एक पट्टा, मधे सपाट आणि कडेला उंचावलेला. उजव्या खांद्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत जाड, ताठर चट्टा. आणि छातीच्या मधल्या हाडावर, त्याच चट्ट्याच्या टोकाला, मूळ जखमेची हद्द ओलांडून धडधाकट कातडीत सरकलेली गुळगुळीत गाठ. त्याच अपघातात तिचा २६ वर्षांचा भाऊही भाजला होता. त्याच्या छातीच्या डाव्या बाजूची तळहाताएवढी जखम भरायलाही तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला होता, पण तिथला वण थोडासा उठला आणि वर्षभरात आपोआप बसला.

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. जळितांच्या उपचारांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या गोष्टी जोडून ते रचले आहे. भावंडे निवडली ती मुद्दाम. भाजल्यावर काहींचे वण उठतात आणि काहींचे का उठत नाहीत, असे विचारले की बहुतेक घरांतून एकच उत्तर येते: "आमच्या रक्तातच आहे ते." या घरातही तेच म्हटले जात होते, कारण आईच्या छातीवर पुटकुळीच्या जागी वाढलेला जुना केलॉइड, म्हणजे मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढणारा वण, होता. रक्ताचा, म्हणजे जनुकांचा, वाटा खरा आहे. पण तो कुठे आहे आणि कुठे नाही हे न पाहता सगळ्याच वणांचे खापर त्याच्यावर फोडले, की जे आठवडे हातात असतात ते वाया जातात. त्या आठवड्यांसाठीच हे सगळे तपशिलात मांडत आहे.

पहिले पाच आठवडे

तरुणीचे अंग सुमारे ११ टक्के भाजले होते, भावाचे ४ टक्के. तिच्या मांडीवर फोड आले होते. फोडाखालची कातडी गुलाबी, ओलसर, बोटाने दाबली की पांढरी पडणारी, सोडताच पुन्हा गुलाबी होणारी आणि हात लावू देणार नाही इतकी दुखरी. ही सगळी वरवरच्या जखमेची लक्षणे. ती १२ दिवसांत भरली. कोपराखालची जखम अगदी उलट होती: पांढुरकी, कोरडी, टोचले तरी फारसे न जाणवणारी. ती आपली आपण भरणार नाही हे उघड होते. म्हणून पाचव्या दिवशी मेलेली कातडी थराथराने तासून काढली आणि डाव्या मांडीवरची पातळ कातडी, जाळी न पाडता, अखंड लावली. जळालेला थर असा लवकर तासून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत शल्यविशारद झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये मांडली आणि जळितांच्या उपचाराची दिशाच बदलली.

डाव्या मांडीवरची, जिथून कातडी घेतली ती जागा १३ दिवसांत भरली. एरवी या जागेकडे कोणी फारसे बघत नाही. या प्रकरणात मात्र सगळ्यात जास्त तीच सांगते, तिच्याकडे पुढे येऊ.

खरा पेच खांदा आणि छातीचा होता. तिथे लाल आणि पांढरा असा मिश्र रंग होता आणि दाबून सोडल्यावर लाली सावकाश परतत होती. अशी जखम पहिल्या दोन-तीन दिवसांत आपली खोली सांगत नाही. मेलेल्या भागाभोवती रक्तप्रवाह मंदावलेला एक पट्टा असतो आणि तो जगूही शकतो, मरूही शकतो, हे जॅक्सन यांनी १९५३ मध्येच दाखवून दिले होते. खांद्यावर घाईने शस्त्रक्रिया केली असती तर जगू शकणारी कातडीही कापली गेली असती, म्हणून थांबायचे ठरले. त्या घडीला हा निर्णय योग्यच होता. पण बाराव्या दिवशी जखमेवर पिवळट थर धरला, स्राव वाढला, जंतुसंसर्ग झाला. जखम पूर्ण मिटायला ३६ दिवस लागले. ही जखम तीन आठवड्यांत मिटत नाही हे दिसू लागले तेव्हाच रोपणाचा विचार पुन्हा व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. कातडीतला रक्तप्रवाह लेझर डॉप्लरने मोजून हा अंदाज आणखी आधी, अपघातानंतर दोन ते पाच दिवसांतही बांधता येतो.

तीन आठवड्यांची ही रेघ उगीच ओढलेली नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जागांपैकी एकतृतीयांश जागी उठलेले वण झाले आणि २१ दिवसांनंतर भरलेल्या जागांपैकी ७८ टक्के जागी. तरुणीचा खांदा या दुसऱ्या गटात गेला. भावाची जखम २४ दिवसांत भरली, म्हणजे तोही रेघेच्या पलीकडेच, पण जेमतेम.

वण उठला तेव्हा

जखम मिटली तेव्हा खांदा लाल पण सपाट होता. घरच्यांना वाटले, सुटलो. इथे फार जण फसतात. हायपरट्रॉफिक वण, म्हणजे जखमेच्या हद्दीतच जाड होऊन उठलेला वण, जखम मिटतानाच दिसत नाही. तो साधारण चार ते आठ आठवड्यांनी डोके वर काढतो, काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दोन वर्षांत थोडाफार बसतो. मधल्या शांत काळात मलम, सिलिकॉन, दाबाचे कपडे यांपैकी काहीच सुरू नसते, कारण तेव्हा दाखवण्यासारखे काही नसते.

आठव्या आठवड्यात खांद्यावरची कातडी बोटाला लाकडासारखी लागू लागली. पारदर्शक काचपट्टी टेकवून दाबले की जांभळट रंग क्षणभर ओसरे आणि उचलताच भरून येई. म्हणजे आत नव्या रक्तवाहिन्यांचे दाट जाळे होते. वण किती वाईट आहे हे गुणांत मोजणाऱ्या (गुण जास्त, तितका वण वाईट) व्हँकुव्हर मापनपट्टीवर तिसऱ्या महिन्यात तिचे गुण असे होते: रंगद्रव्य २, रक्तवाहिन्या ३, लवचिकता ३, उंची २, एकूण १३ पैकी १०. त्याच दिवशी मांडीचा वण १ वर होता.

या पट्टीत खाजेला जागा नाही, ही तिची मोठी उणीव. तरुणीला रंगाचे आणि उंचीचे तितके वाटत नव्हते, खाज मात्र झोपू देत नव्हती. रात्री झोपेत ती खांदा ओरबाडे, नाजूक कातडी फाटे, सकाळी कपड्याला रक्ताचे ठिपके दिसत. प्रत्येक ओरखडा म्हणजे नवी जखम आणि दाहाला, म्हणजे जखमेवर शरीर देते त्या लाल, सुजऱ्या प्रतिक्रियेला, नवे निमित्त. रुग्णाची खाज आणि वेदना मोजणारी वेगळी पट्टी २००४ पासून उपलब्ध आहे. ती वापरली नाही तर रुग्णाचा खरा त्रास कागदावर येतच नाही.

दाह कुठे अडकला

भाजलेल्या पेशी फुटतात तेव्हा त्यांच्या आतले रेणू बाहेर सांडतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना धोक्याचा इशारा समजते. आधी न्यूट्रोफिल येतात, मागोमाग मॅक्रोफेज; दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी. मॅक्रोफेज सुरुवातीला साफसफाई करतात, नंतर त्यांचा कल दुरुस्तीकडे वळतो आणि ते टीजीएफ-बीटा १ नावाचा संदेश सोडू लागतात. हा संदेश मिळाला की कातडीतले फायब्रोब्लास्ट, म्हणजे कातडीला बळकटी देणारे कोलॅजनचे तंतू बनवणाऱ्या पेशी, रूप पालटतात. त्यांच्या आत स्नायूंत असते तशा ॲक्टिनचे तंतू तयार होतात आणि ते मायोफायब्रोब्लास्ट होऊन जखम आवळू लागतात, कोलॅजन ओतू लागतात. इथपर्यंत सगळे हवे तसेच आहे. याशिवाय जखम मिटणारच नाही.

बिघाड होतो तो हे काम थांबवताना. वरचा थर जुळला की मायोफायब्रोब्लास्टनी आपणहून मरून जायचे असते. मांडीवर आणि कातडी घेतलेल्या जागेवर ते वेळेवर घडले. खांद्यावर वरचा थर जुळायलाच ३६ दिवस लागले. तोवर दाहाचे संदेश चालू राहिले आणि मायोफायब्रोब्लास्ट तिथेच टिकले. संसर्गाने यात भर घातली. हायपरट्रॉफिक वणातल्या फायब्रोब्लास्टवर टीएलआर-४ हा ग्राहक (पेशीवरचा, संदेश टिपणारा रेणू) नेहमीपेक्षा जास्त आढळतो, आणि काही जंतूंच्या आवरणातले घटक नेमके तिथेच चिकटून दाह भडकवतात. म्हणजे जंतू फक्त जखम लांबवत नाहीत, वण घडवणाऱ्या पेशींनाही थेट चिथावतात.

रक्तातल्या टी पेशींचाही यात हात असतो. मदतनीस टी पेशींचा एक गट, टीएच-१, इंटरफेरॉन-गॅमा सोडतो आणि त्याने कोलॅजनला लगाम बसतो. दुसरा गट, टीएच-२, इंटरल्यूकिन-४ आणि १३ सोडतो आणि त्यांनी कोलॅजन वाढते. कॅनडातल्या एडमंटन इथल्या संशोधकांना, ज्या जळीत रुग्णांचे वण पुढे उठले त्यांच्या रक्तात टीएच-२ कडे झुकलेला आणि दीर्घकाळ टिकलेला कल आढळला. अशाच रुग्णांच्या रक्तात फायब्रोसाइट नावाच्या पेशीही वाढलेल्या दिसल्या. त्या अस्थिमज्जेतून येतात, रक्तातून फिरतात आणि जखमेत उतरून कोलॅजनच्या कामाला हातभार लावतात. भाजणे कातडीपुरते दिसले तरी वण घडवणाऱ्या घटना सबंध शरीरात चालू असतात, त्या अशा.

आता या तरुणीची एक गोष्ट, जी दाखल करतानाच्या नोंदीत कुठेच नव्हती. तिला लहानपणापासून ॲटॉपिक एक्झिमा, म्हणजे ॲलर्जीच्या प्रवृत्तीतला खाजरा त्वचारोग, होता आणि अधूनमधून ॲलर्जीची सर्दी. हे दोन्ही आजार टीएच-२ कडे झुकलेल्या प्रतिकारशक्तीचे. एक्झिमा असणाऱ्यांत केलॉइडचे प्रमाण जास्त असल्याचे तैवानमधल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे. भावाला असला काही त्रास नव्हता. एका घरातल्या दोघांवरून कार्यकारण ठरत नाही, हे मान्य. तरी भाजलेल्या माणसाला "तुम्हाला एक्झिमा, दमा, ॲलर्जी आहे का" एवढे विचारायला काहीच लागत नाही, आणि उत्तर होकारार्थी आले तर पुढचे तीन महिने त्या जागेवर अधिक बारीक नजर ठेवता येते.

खाजेचा धागाही इथेच जुळतो. उठलेल्या वणात मास्ट पेशींची, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची, गर्दी असते. त्या हिस्टामिन सोडतात, त्याने खाज येते आणि फायब्रोब्लास्टनाही चेव येतो. वणात नव्याने वाढणारे मज्जातंतू सबस्टन्स-पी सोडून मास्ट पेशींना पुन्हा डिवचतात. खाजेवरचा उपचार हा म्हणून केवळ आरामाचा भाग राहत नाही. तरुणीला नुसत्या ॲलर्जीच्या गोळीने उतार पडला नाही. मज्जातंतूंना शांत करणारे गॅबापेन्टिन सुरू केल्यावर ती रात्री झोपू लागली आणि ओरबाडणे थांबले.

कातडी घेतलेली जागा काय सांगते

तरुणीच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत जनुके तीच. रक्तात फिरणारे टीएच-२ चे संदेशही सगळ्या जखमांना सारखेच पोचत होते. तरीही डाव्या मांडीवर, जिथून निरोगी कातडी मुद्दाम सोलून काढली तिथे, वण जवळजवळ नाहीच. "रक्तातच आहे" हे उत्तर पुरेसे असते तर ही जागाही उठायला हवी होती.

रोपणासाठी घेतलेली कातडी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची होती. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या नितंबाच्या बाजूला खोली क्रमाने वाढत जाणारा एकच ओरखडा काढला आणि तो भरल्यावर वण नेमका कुठून सुरू होतो ते पाहिले. सुमारे ०.५६ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे तिथल्या कातडीच्या जाडीच्या एकतृतीयांशापर्यंत, वण उरत नव्हता. त्याखाली उरत होता. कारण कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरातले फायब्रोब्लास्ट सारखे नसतात. खोल थरातले फायब्रोब्लास्ट कोलॅजन आणि टीजीएफ-बीटा जास्त तयार करतात, कोलॅजन मोडणारे विकर (एन्झाइम) कमी सोडतात आणि टीजीएफ-बीटाला बांधून ठेवणारे डेकोरिनही कमी देतात. खांद्याची जखम याच थरापर्यंत पोचली होती. कोपराखालची जखम तर त्याहून खोल होती, पण तिथे पाचव्या दिवशी अखंड कातडी बसली आणि दाहाला तिथेच पूर्णविराम मिळाला. उंचावल्या त्या फक्त कडा, जिथे रोपण आणि मूळ कातडी यांमधली फट मागाहून भरली.

खोली, मिटायला लागलेला वेळ आणि संसर्ग एवढ्यावर तरुणीच्या बहुतेक वणांचा उलगडा होतो. इथवर जनुकांना हात लावावा लागत नाही.

मग रक्तात काय आहे

जनुकांकडे वळावे लागते ते छातीच्या हाडावरच्या गाठीपाशी. सातव्या महिन्यात खांद्याचा चट्टा मऊ होऊ लागला असताना हे एक टोक मात्र वाढू लागले, आणि जिथे उकळते पाणी पोचलेच नव्हते त्या कातडीत शिरले. जखमेच्या हद्दीत राहतो तो हायपरट्रॉफिक वण, हद्द ओलांडतो तो केलॉइड. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच चट्ट्यात असू शकतात. केलॉइड सहसा आपोआप बसत नाही आणि नुसता कापला तर बहुतेक वेळा परत येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा होऊन.

केलॉइड घराण्यांत चालतो हे पक्के आहे. अनेक कुटुंबांच्या अभ्यासात तो प्रबळ जनुकासारखा पुढे जाताना दिसतो, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरे, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण जनुक मिळालेल्या सगळ्यांतच तो प्रकट होत नाही. कातडीला योग्य जागी, योग्य वयात दुखापत झालीच नाही तर आयुष्यभर कळतही नाही. म्हणून भावाला आईचा वारसा मिळालाच नाही, की मिळूनही गप्प राहिला, हे त्याच्या वणावरून सांगता येत नाही. भावंडांत जनुकीय फरकांपैकी सरासरी निम्मे समान असतात, आणि निम्मे वेगळेही असतात. दुसरे हे विसरून चालत नाही.

२०१० मध्ये जपानी लोकसंख्येत संपूर्ण जनुकसंचाची छाननी झाली आणि केलॉइडशी जोडलेल्या जागा गुणसूत्र १, ३ आणि १५ वर सापडल्या. पंधराव्यावरच्या जागेत एनईडीडी-४ हे जनुक आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत एचएलए-डीआरबी१ च्या १५ क्रमांकाच्या प्रकाराशी संबंध आढळला, आणि एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीला आपले-परके दाखवणारी यंत्रणा. हे सगळे केलॉइडबद्दल झाले. भाजल्यानंतरच्या उठलेल्या वणांवरचे जनुकीय काम त्या मानाने फार थोडे आहे, आणि केलॉइडचे निष्कर्ष सरसकट त्यावर चिकटवण्याची सवय मला घातक वाटते.

जळितांवरचा महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला. भाजलेल्या ५३८ प्रौढांचे वण व्हँकुव्हर पट्टीवर मोजून त्यांचा जनुकसंच तपासला. हाती आलेला फरक सीएसएमडी-१ या जनुकातला होता, आणि गंमत म्हणजे तो वण बिघडवणारा नव्हता, वण सौम्य ठेवणारा होता. या जनुकाचे प्रथिन रक्तातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या प्रथिनांच्या साखळीला, आवर घालते, आणि कॉम्प्लिमेंट हा तर दाहाचा सर्वांत जुना सैनिक. पुढच्याच वर्षी याच संशोधकांना पीटीपीएन-५ या जनुकातलाही असाच सौम्य वणाशी जोडलेला फरक मिळाला. ते जनुक पेशीतला वाढीचा एक संदेशमार्ग शांत करते.

म्हणजे जनुके आणि प्रतिकारशक्ती ही दोन वेगळी कारणे म्हणून मांडण्यात फारसा अर्थ उरत नाही. जनुकांचा बराचसा प्रभाव दाह किती भडकतो आणि किती लवकर विझतो यातूनच कातडीपर्यंत पोचतो. वणाचे जनुक असे एखादे सापडेल आणि रक्ततपासणीत कळेल ही अपेक्षा मला चुकीची वाटते. आज अशी कोणतीही जनुकीय चाचणी नाही की जिच्यावरून भाजलेल्या माणसाचा उपचार बदलावा. आईच्या छातीवरचा केलॉइड पाहणे हीच आजची सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

त्या गाठीची जागाही योगायोग नाही. छातीचे मधले हाड, खांदे, कानाची पाळी, जबड्याची कड ही केलॉइडची ठरलेली ठिकाणे. छातीवरची कातडी श्वासागणिक आणि हाताच्या प्रत्येक हालचालीगणिक ताणली जाते. फायब्रोब्लास्टना हा ताण कळतो. ताण जाणवून एफएके नावाचे विकर जागे होते आणि त्यातून एमसीपी-१ हा संदेश सुटतो, जो मॅक्रोफेजना बोलावतो. २०१२ मध्ये उंदरांवर हे दाखवले गेले: फायब्रोब्लास्टमधले हे विकर काढले की ताण देऊनही दाह आणि वण दोन्ही कमी. यांत्रिक ओढही शेवटी दाहाच्याच वाटेने वण घडवते. भावाची जखम छातीच्या बाजूला होती, हाडापासून लांब.

उपचार, आणि पुढचा पेच

जखम मिटल्यापासूनच सिलिकॉनच्या पट्ट्या लावायच्या असतात. तरुणीला त्या तिसऱ्या महिन्यात मिळाल्या. त्याच सुमारास मापाचा, दाब देणारा जाकीटवजा कपडा शिवून घेतला, दिवसाचे २३ तास घालायचा. दाबाच्या कपड्यांबद्दलचा पुरावा सगळे समजतात तितका भक्कम नाही. १२ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात एकाच वणाच्या अर्ध्या भागाला पुरेसा आणि अर्ध्याला अपुरा दाब देऊन तुलना केली. पुरेशा दाबाखालचा भाग मऊ आणि पातळ झाला, पण डोळ्यांना फरक जाणवला तो मध्यम ते तीव्र वणांतच. तिचा वण तीव्र होता, म्हणून कपडा योग्यच. भावाला मात्र तो देण्यात काही हशील नव्हते, आणि दिला नाही हे बरे केले.

लालीसाठी ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर, ताठरपणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. काखेच्या पुढच्या घडीत आखडलेली कातडी हात पूर्ण वर जाऊ देत नव्हती. चौदाव्या महिन्यात झेड-प्लास्टी करून, म्हणजे झेड अक्षरासारखा छेद देऊन कातडीचे तुकडे अदलाबदल करून, ती सोडवली. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात कोलॅजनच्या गोल गोल गाठी आणि त्यांत ॲक्टिनने भरलेले मायोफायब्रोब्लास्ट दिसले. जखम मिटून वर्ष उलटले होते, तरी या पेशी तिथे जिवंत होत्या. केलॉइडमधले जाड, काचेसारखे चकाकणारे कोलॅजनचे दोर या तुकड्यात नव्हते. ताण सोडवल्यावर शेजारचा चट्टाही पुढच्या काही महिन्यांत मऊ झाला.

वणाचा एखादाच संदेश अडवून तो रोखता येईल, ही आशा आजवर फळलेली नाही. गर्भाची कातडी सुमारे २४ आठवड्यांपर्यंत वणाशिवाय भरते आणि तिथे टीजीएफ-बीटा ३ जास्त असते, यावरून ते औषध म्हणून आणले गेले. २०११ मध्ये ते शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीत अपयशी ठरले. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा ग्राहक बंद करणारे, एक्झिमासाठी वापरले जाणारे डुपिलुमॅब काही केलॉइड रुग्णांत उपयोगी पडल्याच्या आणि काहींत काहीच फरक न पडल्याच्या, अशा दोन्ही नोंदी आहेत. तरुणीने त्याबद्दल विचारले होते. तिचा एक्झिमा मलमांनी आटोक्यात आहे. निव्वळ गाठीसाठी ते सुरू करावे इतका पुरावा नाही.

गाठीत दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने चालू आहेत, सोबत पेशींची वाढ रोखणारे ५-फ्लुरोयुरासिल. गाठ सपाट होत आली आहे, खाज गेली आहे, भोवतीची कातडी थोडी पातळ आणि फिकट पडली आहे. तिला आता ती कापून हवी आहे. नुसती कापली तर परत येईल हे जवळपास ठरलेले. कापून लगोलग, पहिल्या दिवसभरात किरणोपचार सुरू केला तर परत येण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, पण वय २३, जागा छातीवर, स्तनाच्या ऊतीला लागून, आणि थायरॉइडही फार लांब नाही. म्हणून तूर्त कापायचे नाही. इंजेक्शनांमधले अंतर आठ आठवड्यांपर्यंत वाढवायचे, मूल हवे असे ठरले तर ५-फ्लुरोयुरासिल आधीच बंद करायचे, आणि दर भेटीत गाठीच्या कडेची रेघ पारदर्शक कागदावर उतरवून मागच्या रेघेवर ठेवून बघायची. रेघ बाहेर सरकली तरच शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा काढायचा.